सरकारचा अर्धा इंच

१

तांबडी रेघ नळीच्या तोंडाबाहेर दिसत होती.

अर्डिथ फ्यूगेटने मापाची दांडी बाहेर काढली. बंदूक उघडून आत काही अडकलं नाही ना ते पाहिलं आणि पुन्हा मिटली. मिटताना सांधा जरा खडखडला. दांडी परत आत सोडली, ती तळाला टेकली, आणि रेघ बाहेरच राहिली. रेघ आणि नळीचं तोंड यांच्यात अर्धा इंच लाकूड उघडं दिसत होतं.

हिकरी फोर्कच्या अग्निशमन ठाण्यात दर ऑक्टोबरात 'बुटक्यांची शर्यत' भरते. मिळेल तितकी स्वस्त एकनळी बंदूक घ्यायची, कायदा सोसेल तेवढी स्वतःच्या हाताने कापून आखूड करायची आणि कागदाच्या पत्त्यावर छर्रे मारायचे. ज्याचा छर्रा फुलीला सगळ्यात जवळ, त्याला अख्खं हॅम. केंटकीच्या या डोंगरात करमणुकीला याहून जास्त काही लागत नाही. फक्त कायदा अठरा इंच म्हणतो. नळी त्याहून एक केस जरी आखूड निघाली, तरी थेट वॉशिंग्टनवाल्यांचा गुन्हा, आणि त्याला तुरुंग. म्हणून इथला शहाणा माणूस साडेअठरावर करवत लावतो. त्या वरच्या तुकड्याला सगळे 'सरकारचा अर्धा इंच' म्हणतात. घरात मीठ संपलं तर चालेल, पण सरकारचा अर्धा इंच कमी पडता कामा नये, अशी इथली रीत.

दांडीवरची तांबडी रेघ बरोबर अठरावर होती, आणि ही नळी साडेसतरा भरत होती.

"काय झालं?" मागून व्हर्लिन साइजमोरने विचारलं. बंदूक त्याची होती.

अर्डिथने रेघ पुन्हा पाहिली. वीस वर्षं तिने या परगण्यात शेरीफच्या हाताखाली डेप्युटीची नोकरी केली होती. निवृत्त झाल्यावर शर्यतीतल्या बंदुका मोजायचं काम लोकांनी तिच्या गळ्यात घातलं, कारण तिच्या दांडीपुढे सख्खा भाऊही सुटत नाही असा तिचा लौकिक. पण आज ती घाबरली होती. व्हर्लिनचा मुलगा आणि सून अपघातात गेल्यापासून त्यांची पोर, टॅन्सी, व्हर्लिनच वाढवत होता, आणि ती कायमची कोणाकडे राहणार ते सोमवारी न्यायाधीश ठरवणार होते. बेकायदा बंदुकीचा गुन्हा अंगावर असलेल्या म्हाताऱ्याकडे कुठलाही न्यायाधीश पोर ठेवणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"अर्डिथ, बोल की," व्हर्लिन म्हणाला.

"आखूड आहे," शेजारून कोणीतरी बोललं. तो डेप्युटी ब्रॉक होता, तिच्या जागेवर आलेला नवा पोरगा. कॉफी प्यायला म्हणून आत्ताच आत आला होता, आणि कप हातात तसाच धरून रेघेकडे बघत होता.

२

ठाण्याच्या स्वयंपाकघरात सोयाबीनसारख्या रंगाचे घेवडे रटरटत होते. कॉर्नब्रेडला कोणी हात लावला नव्हता. शर्यत रद्द झाली होती.

"मॅडम, मी पाहिलं नसतं तर गोष्ट वेगळी," ब्रॉक हळू आवाजात म्हणाला. "आता डोळे कसे मिटू? बंदूक मी ताब्यात घेतोय. कागद उद्या संध्याकाळी वर पाठवीन. तोवर तुम्हाला काही सापडलं तर बघा."

"उद्या संध्याकाळ?"

"त्याहून पुढे मला ढकलता येणार नाही. तुम्हीच शिकवलंय मला."

हे खरं होतं, आणि त्यामुळे अर्डिथला जास्तच राग आला.

व्हर्लिन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता. खाणीत चाळीस वर्षं काढलेला माणूस. छप्पर कोसळलं तेव्हाही डगमगला नाही म्हणतात.

"मी साडेअठरावर कापली," तो म्हणाला. "टॅन्सीने टेप धरला होता. दोनदा मोजली. देवाशपथ, अर्डिथ."

"मग आज सकाळी आणलीस ती तीच बंदूक?"

"माझीच. दस्त्यावर माझ्या हातचा चरा आहे ना. आणि माशीला पोरीने रंग लावलाय."

"कसला रंग?"

"नखांचा गं. हिरवा. मला आता नेम धरताना माशी दिसत नाही, म्हणून ती म्हणाली, पपॉ, मी करते दिसेल अशी. सगळी बाटली उपडी केली पोरीने. पुसून पुसून माझी दोन फडकी गेली."

नळीच्या टोकाशी बसवलेला पितळी मणी म्हणजे माशी. नळी कापली की जुनी माशी तुकड्याबरोबर जाते आणि नवी बसवावी लागते. अर्डिथने मघाशी ती दांडी दोनदा आत-बाहेर केली होती, माशी तिच्या डोळ्यांपुढे होती. लख्ख पितळी. हिरव्या रंगाचा ठिपकाही नव्हता.

"व्हर्लिन, कापलेला तुकडा आहे का घरी?"

"आहे. टॅन्सीने पडवीत टांगलाय, वाऱ्याने वाजतो." त्याने मान वर केली. "ते लोक तिला नेतील का गं? ओहायोला?"

अर्डिथ त्याच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर आली. बंदुका ठेवायच्या खोलीच्या दारात ग्लेंडा उभी होती. टॅन्सीची आजी, आईकडची. ओहायोवाली.

३

"माझ्यावर संशय आहे ना?" ग्लेंडाने आपणच विचारलं. "घे की. मीही घेतला असता."

"सकाळी तू इथून गेली होतीस म्हणे."

"पाय ठेवायला गेले. अॅपल पाय. या वाटेनेच स्वयंपाकघरात जायचं असतं. मला पोर हवी आहे, हे मी लपवत नाही. माझी लेक गेली, तिची एवढीच खूण उरलीय. पण व्हर्लिनला तुरुंगात घालून? मग मोठी झाल्यावर पोरीच्या तोंडाकडे कुठल्या तोंडाने बघू?"

"आत कोणी होतं?"

"दार ओढलेलं होतं. सगळे नाश्त्याला बसले होते. आवाज मात्र आला. बंदूक मिटतात ना, तसा. खट्ट. मग थोड्या वेळाने परत खट्ट. पण दोन्ही आवाज नेहमीपेक्षा निराळे होते बाई, जरा भरड. म्हटलं, असेल कोणी शौकीन, खेळत बसलाय."

दोनदा. अर्डिथने ते मनात ठेवलं.

डॉर्सी नेपियर गाडीच्या मागच्या फळीवर बसून तंबाखू चघळत होता. त्याचं हार्डवेअरचं दुकान. याच उन्हाळ्यात त्याने एका मापाच्या, एका बनावटीच्या तीन एकनळ्या लिलावात घेतल्या होत्या. एक व्हर्लिनला विकली, एक अर्डिथच्या नवऱ्याला, होबार्टला, आणि एक स्वतःला ठेवली. त्यानंतर व्हर्लिनने भर बाजारात त्या बंदुकांना 'फाटकाचे गज' म्हटलं, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

"ये, ये, साहेबीण," डॉर्सी म्हणाला. "बेड्या आणल्यास की उसन्या मागून आणू?"

"तुझी बंदूक दाखव."

"मोजलीस ना सकाळी? साडेअठरा."

"मोजायची नाही. मिटून बघायचीय."

तिने बंदूक उघडली, मिटली. खट्ट. कुलूप लागावं तशी घट्ट.

"या स्वस्तातल्या मालाचं एक असतं," डॉर्सी म्हणाला, आता जरा सरळ आवाजात. "कारखान्यात प्रत्येक नळी आपापल्या सांगाड्याला घासून बसवतात. खालचं लाकूड काढलं की नळी हातात येते, पोरही काढील. पण एकीची दुसरीला लावलीस तर लागते, फक्त खडखडते. परक्या घरातल्या सुनेसारखी."

अर्डिथला सकाळचा तो खडखडाट आठवला.

"व्हर्लिनचं वाईट व्हावं असं तुला वाटतं?"

"वाटतं. त्याचं हॅम जावं, दात पडावेत. पोर जावी असं नाही वाटत." डॉर्सी थुंकला. "नळीचं तोंड बघितलंस ना तू? कसं घोटून गुळगुळीत केलंय. माशी एका रेषेत. हे व्हर्लिनचं काम वाटलं तुला? त्याला लोणी लावता येत नाही सरळ."

"मग कोणाचं वाटतं?"

"मला काय विचारतेस? तुझ्या घरात सुतार आहे, त्याला विचार. अजून आहे का गं ती फळी तुझ्या स्वयंपाकघरात? भिंतीपासून फटकून वागणारी?" आणि तो एकटाच खो खो हसला.

४

घरी कोणी नव्हतं. होबार्टने सांगून ठेवलं होतं: व्हर्लिनच्या पडवीची पायरी मोडलीय, सोमवारच्या आत नीट करतो, कोर्टाची बाई घर बघायला आली तर पाय मुरगळायला नको. होबार्ट असाच. कोणावर संकट आलं की त्याला तोंडाने बोलता येत नाही, तो हातोडी उचलतो.

अर्डिथ पाणी प्यायली. स्वयंपाकघरातल्या फळीचं टोक आणि भिंत यांच्यात फट होती, तीत कोंबलेलं फडकं लोंबत होतं. तिने सवयीने ते आत ढकललं. लग्नानंतर होबार्टने तिच्यासाठी केलेली ही पहिली फळी. सुरेख अक्रोडाची, आणि नेमकी एक इंच आखूड. तीस वर्षं ती त्यावरून त्याला छळत आली होती.

काही खाववेना. ती गाडी काढून व्हर्लिनकडे गेली.

पडवीत होबार्ट गुडघ्यावर बसला होता. टॅन्सी त्याला खिळे देत होती. तिच्या नखांचा हिरवा रंग अर्धा उडाला होता. होबार्टने अर्डिथकडे पाहिलं आणि लगेच पुन्हा लाकडाकडे.

वर दोरीला नळीचा तुकडा लटकत होता. अर्डिथने तो उतरवला आणि मोजला. साडेनऊ.

ती पडवीच्या कठड्याला टेकून उभी राहिली. तिन्ही बंदुका नव्या होत्या तेव्हा अठ्ठावीस इंची. साडेनऊ गेले तर साडेअठरा उरायला हवेत. म्हणजे व्हर्लिन खरं बोलत होता. मग मधला एक इंच गेला कुठे? कोणी मागाहून आणखी कापली म्हणावं, तर माशी तोंडाला येऊन भिडली असती. ती बोटभर मागे होती, जागच्या जागी. तोंडही घोटून काळं केलेलं, ताज्या लोखंडाचा चकाकता काठ कुठेच नव्हता. म्हणजे ती नळी दुसऱ्यांदा कापलेलीच नव्हती. ती व्हर्लिनची नव्हतीच. रंग नाही, सांधा खडखडतो, बंद दाराआड दोन वेळा खट्ट. सकाळी कोणीतरी दोन बंदुकांच्या नळ्यांची अदलाबदल केली होती.

इथवर ठीक. पण साडेसतराच का? ज्याला कायदा मोडायचाच आहे तो हवी तिथे कापतो. वैरी कापील तर बारावर कापील. एवढं घोटून, मापून, जपून काम करणारा माणूस सरकारचा अर्धा इंच सोडल्याशिवाय राहणार नाही. त्याने तो सोडलाच होता. त्याला साडेअठराच हवी होती, आणि कुठेतरी त्याचा बरोबर एक इंच हरवला होता.

"होबार्ट काका!" टॅन्सी ओरडली. "आखूड झाली!"

होबार्टने कापलेली पायरीची फळी चौकटीत ठेवली होती. एका बाजूला फट. बरोबर तिचा अंगठा आत जाईल एवढी.

"अरेच्चा," होबार्ट म्हणाला.

"तुम्ही मोजलीत ना नीट?"

"मोजली गं. या टेपच्या टोकाचा हूक ढिला झालाय, तिथून धरलं की माप खोटं येतं. म्हणून आम्ही जुने सुतार एकाच्या रेघेपासून धरतो. शेवटी तो एक मिळवायचा असतो." तो ओशाळून हसला. "डोकं ठिकाणावर नसलं की राहतं मिळवायचं."

अर्डिथच्या हातातला नळीचा तुकडा खाली पडला आणि गडगडत अंगणात गेला.

होबार्टने वर पाहिलं. त्याचं हसू विरलं.

५

काखेत कळसा आणि गावाला वळसा. दिवसभर ती ग्लेंडाच्या, डॉर्सीच्या तोंडाकडे बघत फिरली, आणि ज्याच्या शेजारी तीस वर्षं झोपते त्याची फळी रोज डोळ्यांपुढे होती.

घरी आल्यावर तिने कपाटातून होबार्टची बंदूक काढली. उघडली, मिटली. खडखड. मग ती खिडकीशी नेली. माशी पितळी होती, चाकूने खरवडलेली. पण मणी नळीत जिथे रुततो त्या खाचेत, केसाएवढ्या जागेत, हिरवा रंग होता.

तिने खुर्ची ओढली आणि बसली. एक क्षण, आणि तो क्षण ती पुढे कधी विसरली नाही, तिच्या मनात आलं की चाकूचं टोक घेऊन ती खाच साफ करावी. कोणाला कळणार होतं? ब्रॉक काही इथे येऊन बघणार नव्हता.

होबार्टची गाडी अंगणात आली. तो आत आला, टेबलावरची बंदूक पाहिली आणि दारातच उभा राहिला.

"ठेवायला गेलो तेव्हा कळलं," तो म्हणाला. तिने काही विचारलंच नव्हतं. "सकाळी. माझी आणि व्हर्लिनची शेजारी शेजारी उभी राहिली. माझी इंचभर बुटकी. मी दार ओढून घेतलं, अर्डिथ."

"मग परत गाडीत ठेवायची होतीस."

"तू ठाण्याच्या दारात होतीस. एकदा आत आलेली बंदूक मोजल्याशिवाय बाहेर जात नाही, तुझाच नियम. नवऱ्यासाठी मोडला असतास?"

नसता मोडला. दोघांनाही ते माहीत होतं.

"मला वाटलं हसतील," होबार्ट म्हणाला. "व्हर्लिनची नेहमीच काही तरी चूक असते. म्हणतील, म्हाताऱ्या, घरी ने ही आणि फेकून दे. संध्याकाळी त्याला गाठून सगळं सांगणार होतो, नळी परत करणार होतो. मला काय ठाऊक तो पोरगा नेमका कॉफी प्यायला येईल!"

"आला, त्यानंतर? तेव्हा का नाही बोललास?"

"दांडी तुझ्या हातात होती," तो म्हणाला. "आणि सगळे बघत होते."

"व्हर्लिनही बघत होता. सोमवारचं तुला माहीत नव्हतं?"

"होतं ना!" त्याचा आवाज चिरकला. "म्हणून तर पायरी..."

अर्डिथला त्याची कीव आली आणि त्याला गदागदा हलवावंसंही वाटलं. व्हर्लिनच्या अंगावरचा गुन्हा आता उचलला, तर तो याच्या अंगावर बसणार होता. साठीच्या माणसाला तुरुंग. आणि नाही उचलला तर टॅन्सी ओहायोला. तिसरी वाट तिने खूप शोधली. ती नव्हती.

शेवटी तिने खुंटीवरची किल्ली काढली, बाहेर जाऊन गाडीत बसली आणि इंजिन चालू केलं नाही.

६

बराच वेळ गेला. शेजारच्यांचा कुत्रा येऊन चाकाशी वास घेऊन गेला. दार उघडेल की नाही, तिला कळत नव्हतं. तिने त्याला ओढून नेलं असतं तर त्यात काही अर्थ नव्हता. ब्रॉकपुढे त्याने आपल्या पायांनी जायला हवं होतं.

दार उघडलं. होबार्टने चर्चला जाताना घालायचा कोट चढवला होता. बंदूक चादरीत गुंडाळून त्याने मागे ठेवली आणि तिच्या शेजारी बसला.

अर्ध्या वाटेत त्याने विचारलं, "मी कशीही कापली असती, सतरावर, सोळावर, तर तुला कळलं असतं?"

"नसतं कळलं," अर्डिथ म्हणाली. "निष्काळजी माणूस मला सापडला नसता."

तो खिडकीबाहेर बघत राहिला.

ब्रॉकने सगळं ऐकून घेतलं. दोन्ही बंदुका टेबलावर शेजारी ठेवल्या, होबार्टने स्वतःच्या हाताने नळ्या बदलून आपापल्या जागी लावल्या. खट्ट, खट्ट. दोन्ही घट्ट. ब्रॉकने व्हर्लिनच्या बंदुकीत दांडी सोडली. तांबडी रेघ आत बुडाली.

"मिस्टर फ्यूगेट, तुमचं काय होईल ते मला सांगता येणार नाही," तो म्हणाला. "स्वतःहून आलात, ते मी वर कळवीन. एवढंच माझ्या हातात आहे."

सोमवारी टॅन्सी व्हर्लिनकडे राहिली. ग्लेंडाला महिन्यातून एकदा तिला भेटायची मुभा मिळाली, आणि तिने कोर्टाच्या पायरीवर व्हर्लिनला अॅपल पायचा डबा दिला. व्हर्लिनने तो घेतला. होबार्टचा हात मात्र त्याने हातात घेतला नाही. "उद्या बघू," एवढंच बोलला, आणि त्यानंतर कितीतरी उद्या गेले.

वॉशिंग्टनवाल्यांचं पत्र अजून आलेलं नव्हतं. पोस्टमनची गाडी चढावर दिसली की अर्डिथ हातातलं काम टाकून उभी राहायची. होबार्ट राहायचा नाही. तो कामात डोकं खुपसायचा, आणि त्या दिवशी हटकून काही तरी आखूड कापायचा.

असाच तो एकदा अंगणात लाकूड कापत असताना फाटकाशी व्हर्लिनची गाडी थांबली. व्हर्लिन उतरला नाही. इंजिनही बंद केलं नाही. टॅन्सी एकटी उतरून आली, तिच्या हातात इवलीशी बाटली होती.

"पपॉ म्हणाले, पाच मिनिटं," ती म्हणाली. "टेप द्या."

होबार्टने दिला. ती जमिनीवर मांडी घालून बसली, टेप ओढून पायाखाली दाबला, आणि जीभ बाहेर काढून पहिला इंच सगळाच्या सगळा हिरवा रंगवला. फुंकर मारून वाळवला.

"हा मापात धरायचा नाही," तिने त्याला बजावलं. "कळलं?"

होबार्टने मान हलवली. फाटकाबाहेर व्हर्लिन समोरच्या काचेतून सरळ रस्त्याकडे बघत होता. पाच मिनिटं कधीच होऊन गेली होती, पण त्याने हॉर्न वाजवला नाही.